तिसरी रेघ

सासू : आणि टप घासायला आणलेल्या त्या बाटल्या?

सून : टाकल्या, आई. दोन्ही टाकल्या. तुम्ही हॉस्पिटलातून घरी यायच्या आधीच.

सासू : एकत्र नाही ना टाकल्यास?

सून : एक परवा, एक काल. वेगवेगळ्या पिशव्यांत. आता मला कुठेही दोन बाटल्या शेजारीशेजारी दिसल्या की धडकी भरते. काल दुकानात शाम्पूच्या रांगेपुढून मी पळत गेले.

सासू : दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. खिडकी उघड आणि टपाशी बस. मी इथं दारात स्टुलावर बसते.

सून : तुम्ही पलंगावर पडा ना. चार वाजता ताई येतील तुम्हाला न्यायला. त्यांनी बघितलं तर म्हणतील, वहिनीनं परत आईला त्याच बाथरूमपाशी आणून बसवलं.

सासू : माझी लेक चारला येणार. आत्ता दोन वाजतायत. आमच्या हॉटेलात अख्ख्या खोलीला पंचवीस मिनिटं मिळायची, टप धरून.

सून : बॅग भरून दाराशी ठेवलीय तुमची. जाता जाता टपाचं एवढं काय घेऊन बसलात?

सासू : अर्धा घासलेला आहे तो. तू मध्येच टाकून मला घेऊन पळालीस ना. तेवीस वर्षं मी दुसऱ्यांचे टप धुतले, पण अर्धा टप मागे ठेवून घरी गेले नाही कधी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, बाई. काय काय आणलंयस?

सून : व्हिनेगर, खायचा सोडा, मऊ स्पंज. मोबाईलवर बघितलं मी. टपात सोडा पसरायचा, वरून व्हिनेगर ओतायचं. काय फेस येतो म्हणून सांगू.

सासू : परत दोन एकत्र?

सून : हे विषारी नाही, आई. तीनदा वाचलं मी. शेवटी शेजारच्या कंपाउंडरलाही विचारून आले.

सासू : विषारी नाही, निकामी आहे. आंबट आणि खार एकत्र आले की एकमेकांशीच भांडतात. फसफस होते, बघणाऱ्याला वाटतं केवढं काम चाललंय. शेवटी हातात उरतं पाणी. आणि मळ बाजूला बसून मजा बघतो.

सून : सासू-सुनेसारखं.

सासू : मीच म्हणणार होते. तू म्हणालीस ते बरं झालं. आता टपाला बाहेरून टिचकी मार.

सून : टिचकी?

सासू : मार तर. काय ऐकू येतं?

सून : पोकळ. टप टप.

सासू : म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा आहे. याला व्हिनेगर चालतं. लोखंडी असता, वरून मुलामा दिलेला, तर ठणठण वाजला असता. त्याला व्हिनेगर फार वेळ ठेवायचं नाही, चकाकी मरते. याला दुसरीच भीती. तारेची घासणी लावलीस की ओरखडे पडतात, आणि मग मळ त्या ओरखड्यांत घर करतो. आता कढत पाणी सोड आणि टप नुसता तापू दे.

सून : घासायचं नाही?

सासू : पी हळद आणि हो गोरी, असं नसतं. साबणाचा मळ म्हणजे साबण आणि जड पाण्यातला चुना. थंड असला की दगड. आधी त्याला जरा सैल पडू दे.

सून : आमच्या डेपोत सकाळी इंजिन तापवतात तसं.

सासू : तसंच समज. तोवर व्हिनेगर कोमट कर. उकळू नकोस, वाफ माझ्या छातीला झोंबेल. त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाक. आणि जुनी चादर फाडून पट्ट्या कर.

सून : पट्ट्या कशाला?

सासू : तापात कपाळावर ठेवतात तशा मळावर ठेवायच्या. नुसतं शिंपडलं तर ओघळून जातं. पट्टी त्याला धरून ठेवते.

सून : हे मला त्या दिवशी विचारता आलं असतं तुम्हाला. पण मला वाटलं, तुम्ही एक दिवस गुडघ्यावर बसून तो टप घासायला घ्याल, डॉक्टर म्हणतात गुडघे जपा, तर आपण एकदाचा लख्ख करून ठेवावा. तुम्ही बाजारात गेलात असं वाटलं मला. तुम्ही शेजारच्या खोलीत झोपलेल्या. एका बाटलीनं निघेना, म्हणून तिच्यावरच दुसरी ओतली, आणि वाफ उठली. माझेच डोळे चुरचुरले तेव्हा कळलं. आणि मग तुमच्या खोकण्याचा आवाज आला, आई. तो आवाज...

सासू : पट्ट्या झाल्या का?

सून : झाल्या. हे व्हिनेगरही कोमट झालंय. पाणी सोडून देते. कुठे ठेवू पट्ट्या?

सासू : रेघांवर. टपाच्या कडेनं बघ, रेघा दिसतात का?

सून : दिसतात. दोन आहेत. एक वर, एक खाली.

सासू : वरची जाड ती माझ्या लेकाची. काठोकाठ भरतो, पेपर घेऊन बसतो, पाणी गार होईतो उठत नाही. लहानपणापासून तसाच. खालची बारीक ती तुझी. चार बोटं पाणी. पहाटेची पहिली बस काढायची असते, नीट बसतसुद्धा नाहीस तू.

सून : बापरे. तुम्ही टप वाचता?

सासू : गेस्टचं तोंड आम्हाला दिसायचंच नाही. टपावरूनच ओळख. कोण दमून आलंय, कोण पोराला घेऊन आलंय, कोण रात्रभर पाण्यात बसून रडलंय. तेही कळायचं. नळाशेजारी ओले रुमाल असायचे.

सून : मग तुमची कुठंय?

सासू : काय?

सून : तुमची रेघ. आठ महिने झाले तुम्हाला इथं येऊन. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज संध्याकाळी गुडघे बुडतील एवढ्या ऊन पाण्यात वीस मिनिटं बसायचं. तुम्ही रोज सहा वाजता कडी लावून आत जाता. नळाचा आवाज मी ऐकते. तिसरी रेघ पाहिजे ना मग?

सासू : मी पुसून घेते माझी.

सून : मग आमच्या बऱ्या सोडता? पुसणारी बाई तिन्ही पुसेल. आई, माझ्याकडे बघा. अर्धा तास आत काय करता तुम्ही?

सासू : बसते.

सून : कुठे?

सासू : याच स्टुलावर. पाय बादलीत घालते.

सून : बादलीत गुडघे बुडतात?

सासू : घोटे बुडतात. पट्टी ओघळतेय बघ ती. दाबून बसव.

सून : पट्टी मरू दे. तुमचे गुडघे आठ महिन्यांत तसूभर सुधारले नाहीत म्हणून मी त्या डॉक्टरांशी भांडून आले. औषध बदला म्हटलं. आणि तुम्ही टपात पायच ठेवला नाही? का पण? आमचा मळ बघून किळस येते का?

सासू : नाही गं. किळस असती तर तेवीस वर्षं निघाली असती का? अर्धा तास राहू दे त्या पट्ट्या. आणि तू खाली टेक जरा. उभी राहून ऐकू नकोस.

सून : टेकले. बोला.

सासू : एकदा काय झालं, चौदावी खोली होती त्या दिवसाची. दोघीजणी आजारी, त्यांच्या खोल्याही माझ्यावर. टप धुतला, पुसला, कोरडा केला. आणि कंबर धरली. सरळच होता येईना. गेस्ट संध्याकाळी येणार होते. मी चपला काढल्या आणि त्या कोरड्या टपात बसले. पाणी नाही, काही नाही. नुसती पाठ टेकली. पाच मिनिटं असतील. डोळा लागला. आणि सुपरवायझरबाईंनी दार उघडलं.

सून : ओरडल्या?

सासू : ओरडल्या असत्या तर विसरले असते. त्या शांतपणे म्हणाल्या, टप परत धुवा. धुतला. म्हणाल्या, परत धुवा. तीनदा धुवून घेतला. मग मजल्यावरच्या सगळ्या पोरींना बोलावलं आणि म्हणाल्या, यांचं अंग लागलेला टप आपण गेस्टला देणार होतो.

सून : कोण होती ती बाई? अजून आहे का तिथं?

सासू : गेली ती. जगातूनच. तिला तरी काय बोलायचं, तिच्यावरही कुणी ओरडणारं होतंच. पण माझ्या अंगातून ते गेलं नाही. हे माझ्या लेकाचं घर, टप आपला, कळतं मला. पण पाय उचलला की वाटतं, आता दार उघडेल. लाज वाटते, बाई. या वयात वेडेपणा वाटतो सांगायला, पण वाटते.

सून : वेडेपणा कसला. मी सुट्टीच्या दिवशी प्रवासी म्हणून बसमध्ये बसले ना, तर माझा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. परवा तर उतरताना ड्रायव्हरला म्हटलं, आरशात बघून वळा. बिचारा गोंधळून गेला.

सासू : तू म्हणालीच असशील. पण मला अजून एक सांगायचंय. टपाचं नाही.

सून : सांगा ना.

सासू : मला वाटलं होतं, न सांगता निघून जाता येईल. त्या दोन बाटल्या, एकावर एक. ते मला वासावरूनच कळलं होतं. कारण आम्हीही तेच करायचो. सोळा खोल्या, वेळ नाही, एका औषधानं मळ निघायचा नाही. एकाच बाटलीत दोन्ही थोडं थोडं मिसळायचो. खिडकीत तोंड घालायचं, श्वास धरायचा आणि मारायचं. आम्ही त्याला रामबाण म्हणायचो. माझी छाती तेव्हाच गेली. कधीचीच.

सून : कधीचीच म्हणजे?

सासू : परवा हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघून विचारलं, आजी, हे जुनं आहे, किती वर्षं झाली? मी म्हटलं, परवाचंच आहे.

सून : काय म्हणालात?

सासू : परवाचंच.

सून : ताई तिथं होत्या?

सासू : शेजारीच होती.

सून : आई, ताई मला कॉरिडॉरमध्ये काय म्हणाल्या माहीत आहे तुम्हाला? म्हणाल्या, आई जड झाली होती तर सांगायचं होतंस, आम्ही नेली असती. गिअर टाकताना ऐकू येतं मला ते. काल एक थांबा चुकले मी, आई. आठ वर्षांत पहिल्यांदा. आमचे हेसुद्धा चार दिवस माझ्याशी मोजकं बोलतात. चांगलं बोलतात, पण मोजकं. आणि तुम्हाला माहीत होतं?

सासू : हो.

सून : मग का?

सासू : कारण मग पुढचं विचारलं असतं. कुणी शिकवलं मिसळायला? नव्या पोरी यायच्या, त्यांना मी शिकवायचे. मीच. कौतुक व्हायचं माझं, हिच्या हाताखालची पोरगी भरभर होते म्हणून. त्यातल्या एकीला खोकला लागला आणि तिनं काम सोडलं. एकवीस वर्षांची होती. ती आता कशी आहे मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही. ते तोंडातून निघेना, म्हणून तुझ्यावर राहू दिलं. तुझ्या पाठीवर जागा दिसली, ठेवलं. वाईट केलं मी.

सून : मी पट्ट्या काढू का?

सासू : अजून दहा मिनिटं आहेत.

सून : मला काहीतरी करू द्या. नाहीतर मी काहीतरी बोलेन.

सासू : काढ मग. आधी पाण्यानं धू, सगळं आंबट जाऊ दे. आता स्पंज ओला करून त्यावर सोडा घे. गोल गोल फिरव. हलक्या हातानं, बाई. राग टपावर काढू नकोस, ओरखडे पडतील.

सून : माझा हात असाच आहे.

सासू : नाही तसा. मला हॉस्पिटलात पाणी पाजत होतीस तो हात मी बघितलाय. नळाच्या बुडाला जुना टूथब्रश लाव. कोपऱ्यात बोट घाल, स्पंज तिथं पोचत नाही.

सून : निघतंय.

सासू : निघणारच.

सून : सायीसारखं निघतंय, आई. जोरसुद्धा लागत नाही. आणि मी त्या दिवशी घाम गाळत होते.

सासू : धू आता. आणि डोळ्यांनी बघू नकोस, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. तळहात फिरव. खरखर लागते का?

सून : इथं थोडी. थांबा. आता नाही. गुळगुळीत आहे.

सासू : सगळा सोडा जाईपर्यंत धू. राहिला तर पाय घसरतो. झालं? मग तो टॉवेल दे इकडे.

सून : कशाला?

सासू : कोरडा करायला. धुतलेला टप ओला ठेवत नाहीत. शेवटचं काम आहे, तेवढं मी करते. साडेतीन होत आले, लेक येईल आता.

सून : बसा तुम्ही. टॉवेल मिळणार नाही. तुम्हाला जायचंय का ताईंकडे?

सासू : ठरलंय ना ते.

सून : ठरलंय ते मला माहीत आहे. मी विचारतेय, जायचंय का?

सासू : हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

सून : मी विचारतेय.

सासू : तिच्याकडे तिसरा मजला आहे, जिना उभा. पण इथं राहिले की तू जपून जपून वागशील. दर वेळी बाटली उघडताना माझ्याकडे बघशील. माझा श्वास गेला तो गेला, तुझा कशाला कोंडायचा?

सून : ते माझं मी बघेन. जायचंय की नाही एवढं सांगा.

सासू : नाही.

सून : मग ऐका. मला राग आलाय तुमचा. आजच्या आज जाणार नाही तो, पाच-सहा दिवस राहील. मी भांडी आपटेन. पण तुम्ही इथं नसलात तर मी कुणावर आपटू? ताईंना खरं सांगायचं ते तुम्ही सांगा, मी मध्ये पडणार नाही. आणि त्या पोरीचा पत्ता आपण शोधू. तुमच्या जुन्या मैत्रिणी आहेत, कुणाला तरी ठाऊक असेल. मी येईन बरोबर. झालं माझं बोलून. आता हा टॉवेल मी टपाच्या तळाशी अंथरतेय, पाय घसरू नये म्हणून. आणि नळ सोडतेय.

सासू : आत्ता धुतलाय तो. लगेच कशाला?

सून : धुतला कुणासाठी मग?

सासू : दार...

सून : दाराला कडी लावायची नाही, तुम्हाला दम लागला तर मला आत येता आलं पाहिजे. पण बाहेर स्टुलावर मी बसतेय. माझ्या बसचं दार मी उघडल्याशिवाय उघडत नाही, आई. मंत्री आला तरी थांब्यावर उभा राहतो. आधी काठावर बसा. आता एक पाय. गुडघ्याला हात लावून उचला. मी मान वळवलीय, बघत नाही. दुसरा.

सासू : पाणी ऊन आहे गं.

सून : फार ऊन?

सासू : नाही. बेताचं. बेताचं आहे.

सून : मग मी बाहेर बसते. हाका मारत राहीन, ओ द्यायची.

सासू : आमच्याकडे तीनदा दार ठोकायची पद्धत होती. आतून कुणी म्हणालं "नंतर या", की सफाईची गाडी पुढे ढकलायची. कोण आहे, किती वेळ लागेल, काही विचारायचं नाही. किती दारांतून ऐकलंय मी ते.

(बाथरूमचं दार लोटलेलं. बाहेर स्टुलावर सून. जिन्याकडून नणंद येते.)

नणंद : वहिनी, बॅग इथंच? आई तयार नाही अजून? रिक्षा खाली उभी करून आलेय मी. आणि हा आंबट वास कसला? परत काहीतरी ओतलंस?

सून : व्हिनेगर आहे, ताई. कोशिंबिरीत घालतात ते. बसा ना.

नणंद : बसायला नाही आले मी. आई कुठंय? आत? एकटी? अगं, तिला कालच तर घरी आणलंय. सरक बाजूला.

सून : नाही सरकणार, ताई.

नणंद : म्हणजे?

सून : म्हणजे दार उघडायचं नाही. ठोकायचं असेल तर ठोका.

नणंद : काय चाललंय काय तुमचं? आई. आई, ऐकतेयस ना? दार उघडते मी.

सासू : उघडू नकोस. मी बरी आहे. श्वास बरा आहे. आणि ऐक, माझी छाती हिनं नाही घालवली. ती हॉटेलातच गेली होती, आणि ते मी डॉक्टरांपासून लपवलं. तू हिला जे बोललीस ते मला बोलायला हवं होतंस. सगळं बसून सांगते तुला.

नणंद : मग ये ना बाहेर. कधी सांगणार?

सासू : आत गेस्ट आहे. नंतर या.

नणंद : वहिनी, ही हसतेय का रडतेय?

सून : मलाही कळत नाहीये, ताई. रिक्षा सोडून द्या तुम्ही. मी चहा टाकते, पण इथून उठता येणार नाही मला, तेव्हा तुम्हीच टाका.

सासू : सूनबाई.

सून : ओ.

सासू : पाणी सोडून दिलं की आजची रेघ पुसू नकोस. उद्या बघू.